४५ लाख हातात आहेत, धायरीत गाळा घ्यावा का?

निवृत्त_नाना · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मे अखेरीस नोकरीतून निवृत्त झालो. वाघोलीत २०११ साली २२ लाखांना घेतलेला दुसरा फ्लॅट गेल्या महिन्यात ४५ला विकला. भाडेकरू, गळकी टाकी आणि सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं, सगळ्यालाच कंटाळलो होतो. पैसे सध्या बचत खात्यात पडून आहेत आणि सौभाग्यवती रोज विचारतात, "काय ठरलं?"

धायरीत मुख्य रस्त्यावर एक गाळा दाखवलाय. तळमजला, कार्पेट १६५ फूट, एजंटच्या भाषेत सेलेबल (सामायिक जागा धरून) २४०. किंमत ४६ लाख. इमारत २०१३ची. आत मोबाईलचं दुकान चालू आहे, भाडं १७ हजार. एजंट म्हणतो, पुढच्या करारात २३ हजार सहज मिळतील, म्हणजे सहा टक्के सुटतात, फ्लॅटला अडीच सुटत होते. एजंटचं ऑफिसही त्याच ओळीत शेजारीच आहे, त्यामुळे पुढेमागे काही लागलं तर माणूस हाताशी राहील.

५१ हजार टोकन दिलंय. घेऊ का? फायदेतोटे सांगावेत.

चहाबाज · रविवार, रात्री ९:५२

टोकन देऊन झाल्यावर फायदेतोटे? नाना, मंगलाष्टकं झाल्यावर पत्रिका बघायला काढलीत.

उगाच_एक · रविवार, रात्री १०:०५

गाळा कोणत्या तोंडाचा आहे? ईशान्य असेल तर माझे सासरे घेतील. आजवर त्यांनी चौदा ईशान्यमुखी जागा बघितल्या, घेतली एकही नाही. त्यांच्याइतकं सुरक्षित गुंतवणूकदार मी दुसरं पाहिलं नाही.

शटरवाला · सोमवार, सकाळी ६:५५

नाना, माझे साताऱ्यात दोन गाळे आहेत. वडिलांच्या वेळचे, एकाच इमारतीत, मधे फक्त जिना. एकात १४ वर्षं एकच मेडिकलवाला आहे. दुसऱ्यात त्याच १४ वर्षांत झेरॉक्स, केकशॉप, ब्युटी पार्लर, मोबाईल रिपेअरी, पुन्हा केकशॉप, आणि आता एक पोरगा प्रोटीन पावडर विकतो. क्षेत्रफळ दोन्हींचं सारखं. मग फरक कशानं?

पहिल्याचं तोंड १४ फूट, खोली १२. दुसऱ्याचं तोंड ८ फूट आणि खोली २१. आगगाडीचा डबा नुसता. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय आहे तेच दिसत नाही. वर तीन पायऱ्या चढाव्या लागतात. म्हातारं माणूस तीन पायऱ्या बघून पुढच्या दुकानात जातं, आणि औषधाला येतं कोण? म्हातारंच. त्यात पालिकेनं लावलेलं गुलमोहराचं झाड बरोब्बर बोर्डासमोर. झाड तोडता येत नाही, आणि तोडूही नये, मे महिन्यात माझी गाडी त्याच सावलीत असते.

तेव्हा चौरस फूट मोजू नका, तोंड मोजा. पायऱ्या मोजा. शटरसमोर खांब आहे का बघा. दुचाकी लावायला जागा आहे का बघा. आणि तुम्ही एजंटबरोबर सकाळी अकराला गेला असणार. संध्याकाळी सातला एकटे जा, समोर चहा घ्या आणि बसा. तीन दिवस बसा, त्यात एक रविवार धरा. किती माणसं जातात ते मोजू नका, किती थांबतात ते मोजा.

चहाबाज · सोमवार, सकाळी ८:१०

शटरवाले काकांना +१. चहाच्या सल्ल्याला +१०.

एसआयपीभाऊ · सोमवार, सकाळी ९:३०

एजंटच्या सहा टक्क्यांवर जाऊ नका. २३ हजार हे त्याच्या तोंडातलं भाडं आहे. खात्यात येणारं १७ हजार धरा.

किंमत ४६ लाख. पुणे हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ३ लाख २२ हजार. नोंदणी ३० हजार. वकील, एजंट, किरकोळ धरून गाळा तुम्हाला ५० लाखांच्या आसपास पडला. रेडी रेकनर (सरकारी दराने येणारी किंमत) ४६च्या वर असेल तर शुल्क त्यावर. सौभाग्यवतींच्या नावाने घेऊन एक टक्का वाचवू म्हणाल, तर ती सवलत फक्त घरांना आहे.

वर्षाचं भाडं २ लाख ४ हजार. त्यातून दुकानाच्या दराने मिळकत कर, सोसायटीचा मेंटेनन्स आणि वर्षाकाठी सरासरी एक महिना रिकामा गाळा, असे ५० हजार वजा करा. उरले दीड लाख आणि वर थोडे. ५० लाखांवर तीन टक्के. एवढ्यासाठी शटरला तेल घालत बसणार?

व्यावसायिक जागाच हवी असेल तर रीट घ्या, म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींतला शेअरसारखा वाटा. नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट २०२३ साली बाजारात आला, देशातला मॉल्सचा पहिला रीट. औंधचा वेस्टएंड आणि सीवूड्सचा मॉल त्यात आहे. एक युनिट घेतलं तरी चालतं, नको झालं की विकून टाका. भाडेकरूचा फोन येत नाही.

शटरवाला · सोमवार, सकाळी १०:०२

भाऊ, हिशोब चोख आहे. पण रीटला शटर नसतं. शटर वर करून आत खुर्ची टाकून बसता येणं हा निवृत्त माणसाच्या परताव्याचा भाग असतो, तो तुमच्या तक्त्यात नाही.

आकडेमोड · सोमवार, दुपारी १:१५

व्यवसायाने सीए. नाना, कोणी विचारलं नाही ते विचारतो. फ्लॅट विकून आलेला नफा तुम्ही गाळ्यात घालताय. घर विकून घर घेतलं तर भांडवली नफ्यावर सूट मिळते. घर विकून दुकान घेतलं तर मिळत नाही. हे एजंटने सांगितलं का?

निवृत्त_नाना · सोमवार, दुपारी १:४०

नाही हो! एवढा हिशोब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. २३ लाख नफा झाला. किती कर बसेल?

आकडेमोड · सोमवार, दुपारी २:२०

घाबरू नका. सध्याच्या नियमाने २३ लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे २ लाख ८७ हजारांवर जातो. पण जागा २३ जुलै २०२४च्या आधीची असल्यामुळे निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशोब करता येतो, आणि दोन्हींतला कमी कर भरायचा. २०११-१२चा निर्देशांक १८४, २०२५-२६चा ३७६. २२ गुणिले ३७६ भागिले १८४. येतात ४४ लाख ९६ हजार.

नफा चार हजार रुपये. त्याचे २० टक्के आठशे.

निवृत्त_नाना · सोमवार, दुपारी २:३१

म्हणजे १४ वर्षांत मी नुसता महागाईच्या बरोबरीने चाललो?

आकडेमोड · सोमवार, दुपारी २:३३

हो. मधली भाडी सोडून.

चहाबाज · सोमवार, दुपारी २:३५

आठशे रुपये कर लागला म्हणून आनंद मानावा की रडावं, असा प्रसंग विरळाच.

आकडेमोड · सोमवार, दुपारी ४:००

आता गाळ्याकडे. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकत कर वजा होतो आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. ती दुकानालाही आहे, बऱ्याच जणांना वाटतं फक्त घराला. कर्ज घेतलं तर ते गृहकर्ज नसतं. व्याजदर जास्त, मुदत कमी, किमतीच्या प्रमाणात रक्कमही कमी.

जीएसटी: सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणी नको. पण १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा. मोबाईलवाल्यासारख्यांना त्याची वजावट मिळते. ५ टक्क्यांत बसणाऱ्या उपाहारगृहाला ती मिळत नाही, त्यामुळे तो भाव करताना भाड्यातूनच ते काढायला बघतो. कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) छोट्या दुकानदारांना जानेवारी २०२५ पासून यातून वगळलंय. बोलणी करताना पहिल्यांदा हे विचारा: कोणत्या योजनेत आहात?

सुईदोरा · सोमवार, रात्री ८:५०

सगळे मालकाच्या बाजूने लिहितायत, मी भाडेकरूच्या बाजूने लिहिते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. अकरा वर्षं झाली.

पहिला गाळा घेतला तेव्हा ती गल्ली दुपारी ओस असायची. भाडं ९ हजार. फर्निचर, ट्रायल रूम, लाईट, वीजमीटरचा लोड वाढवणं, यात माझे सव्वातीन लाख गेले. तीन वर्षांत बायका आंबेगावाहून माझ्याकडे यायला लागल्या. शेजारी मॅचिंग सेंटर आलं, पलीकडे बांगड्यांचं. गल्लीत जाग आली. मग मालकांना वाटलं, जागेचा भाव वाढला! जागेचा कसला भाव वाढला हो? चौथ्या वर्षी १५, पाचव्या वर्षी २१ मागितले, नाहीतर मुलाला स्वतःला दुकान टाकायचंय म्हणाले. मी सोडलं.

मुलाने जेन्ट्स सलून टाकलं, आठ महिने चाललं. पुढे सव्वा वर्ष शटर बंद. माझ्या जुन्या बायका बंद शटरसमोर उभं राहून मला फोन करायच्या, "ताई, आज सुट्टी का?" मी तेव्हा दोन गल्ल्या सोडून बसलेली.

नाना, गाळा घेतलात तर एक करा. चांगला भाडेकरू असेल तर बाजारभावापेक्षा हजार-दीड हजार कमीच घ्या आणि दरवर्षीची वाढ आधी लिहून ठेवा. पाच टक्के म्हणा, सात म्हणा, पण लिहा. आम्हाला वाढीची भीती नसते. भीती असते ती कराराच्या शेवटच्या महिन्यात चहाला बोलावतात त्याची.

मधली_सुट्टी · सोमवार, रात्री ९:३०

सुईदोराताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून सगळ्या गाळेमालकांच्या घरी लावायला हवा.

माझं दुःख वेगळं. २००८ साली एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर १८० फुटांचा गाळा घेतला. नाव सांगत नाही. "फूड कोर्टसमोर, सरकत्या जिन्याला लागून." बिल्डरने दोनशे जणांना दोनशे तुकडे विकले आणि तो मोकळा झाला. मॉल चालायला एक मालक लागतो. कोणाला कुठे बसवायचं, चपलांच्या दुकानाशेजारी काय असावं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. आमच्याकडे दोनशे मालक. एकाने टॅटूचं दुकान दिलं, शेजारच्याने ज्योतिषाला. खालचं मोठं सुपरमार्केट गेलं त्या वर्षी सरकता जिना बंद पडला, आणि दुसऱ्या मजल्यावर पायी कोण चढतं?

आता तिथे वटवाघळं आहेत. मेंटेनन्सचं बिल मात्र चोख येतं. विकायला काढला तेव्हा कळलं की माझ्या मजल्यावरचे चाळीस गाळे आधीपासून विकाऊ आहेत.

तळमजला, रस्त्यावर, यापलीकडे जाऊ नका. तुमचा तळमजला आहे हे ठीक.

कृष्णाकाठ · सोमवार, रात्री १०:१५

आमच्याकडे एसटी स्टँडवरच्या बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) गाळ्यांवर लोक तुटून पडले होते. कित्येकांना वाटत होतं विकत घेतोय, कागद भाडेपट्ट्याचा होता. मुदत संपली की गाळ्याखालची जमीन ज्याची त्याची. पालिकेच्या संकुलांचंही तसंच. जळगावला गाळेधारकांचं नूतनीकरण आणि थकबाकीचं प्रकरण किती वर्षं गाजलं ते आठवा. नाना, तुमचा फ्रीहोल्ड, म्हणजे कायम मालकीचा, आहे ना?

दादर_पश्चिम · सोमवार, रात्री ११:०५

फ्रीहोल्ड, भाडेपट्टा, काय घेऊन बसलात. आमच्या आजोबांचं दुकान पागडीचं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेलं. भाडं महिना ३१० रुपये. मालक पावती द्यायला माणूस पाठवतो, त्या माणसाचा टॅक्सीखर्च भाड्याहून जास्त होतो.

विकायचं म्हटलं की मालकाला हस्तांतराचे पैसे, प्रघात साधारण एक तृतीयांशाचा. विकत घेणाऱ्याला बँक दारात उभी करत नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार असं मी दहावीत असल्यापासून ऐकतोय. माझी मुलगी आता दहावीत आहे.

उगाच_एक · सोमवार, रात्री ११:२०

३१० रुपयांत दादरला हल्ली वडापाव तरी किती येतात? तुम्ही महिनाभर दुकान चालवता. धन्य आहात.

मुक्काम_दुबई · मंगळवार, रात्री १२:४०

अनिवासी बंधूंसाठी एक सूचना. माझा नाशकात गाळा आहे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. रिटर्नमध्ये बराचसा परत मिळतो, पण गल्लीतल्या डेअरीवाल्याला हे समजावून सांगा. दोन चांगले भाडेकरू "एवढी लिखापढी कोण करणार" म्हणून गेले. शेवटी आईच्या नावाने बक्षीसपत्र केलं. आता भाडं आईला मिळतं आणि ती त्यातून मला दिवाळीला दुबईला चकल्या पाठवते. त्याचं कुरिअर धरलं तर परतावा उणे आहे.

काळा_कोट · मंगळवार, सकाळी ११:००

वकिली पेशा, म्हणून थोडं रुक्ष.

१) लीव्ह अँड लायसन्स नोंदवलंच पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चं कलम ५५. कराराची नोंदणी मालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास भाडेकरू अटींबाबत जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

२) मुदत संपूनही भाडेकरू उठला नाही तर घरासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करता येतो. ते कलम *राहण्यासाठी* दिलेल्या जागेपुरतं आहे. दुकानासाठी दिवाणी मार्गानेच जावं लागतं आणि त्याला लागणारा वेळ मी इथे लिहिला तर माझ्याकडे कोणी येणार नाही. म्हणून अनामत रक्कम जास्त आणि करारात मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट-तिप्पट नुकसानभरपाई, हे घालाच.

३) बँका आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना हा कायदा लागू नाही. त्यांना भाडेकरू म्हणून संरक्षण मिळत नाही, म्हणून मालकांना ते आवडतात. पण त्यांचा करार नीट वाचा. लॉक-इन (मुदतीआधी करार मोडता न येणं) तुम्हाला असतो, त्यांना दोन महिन्यांच्या नोटिशीवर जाता येतं.

४) आणि हे सर्वांत महत्त्वाचं. धायरी महापालिकेत आली २०१७ साली. पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झालं २०१५मध्ये. तुमची इमारत २०१३ची. म्हणजे नकाशा जिल्हाधिकाऱ्यांकडून, नगररचनेच्या शिफारशीने मंजूर झालेला असायला हवा, सोबत बिगरशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र. "ग्रामपंचायतीची परवानगी आहे" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. इंडेक्स-दोन वर (नोंदवलेल्या दस्ताच्या उताऱ्यावर) नाव आहे म्हणजे सगळं आलं असं समजू नका. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, बांधकाम वैध आहे का ते तो ठरवत नाही.

निवृत्त_नाना · मंगळवार, दुपारी १२:२०

एजंट म्हणतो सगळं क्लिअर आहे, फाईल त्याच्याकडे आहे. इंडेक्स-दोन मी पाहिलंय. आधीच्या मालकाने २०१५ला रोखीने, कर्ज न काढता घेतलेला आहे. उलट चांगलंच ना, बोजा नाही.

काळा_कोट · मंगळवार, दुपारी १२:२६

कर्ज न काढता घेतला की कर्ज मिळालं नाही?

शटरवाला · मंगळवार, दुपारी १२:५०

नाना, जुना मार्ग सांगतो. पैसे रोख असले तरी बँकेत पाच लाखाच्या कर्जाला अर्ज टाका. प्रोसेसिंगचे चार पैसे जातील, पण त्यांचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो आणि त्यांचा इंजिनियर टेप घेऊन जागेवर जातो. आपण विचारलं तर एजंटला राग येतो, बँकेनं विचारलं तर येत नाही.

ईडली_फॅक्टरी · मंगळवार, दुपारी ३:४५

भाडेकरू कोणता येऊ शकतो याचा विचार आधी करा. मी ९८ फूट कार्पेटचा गाळा घेतला, शंभर मीटरवर हॉस्पिटल, मनात मेडिकल पक्कं. तीन मेडिकलवाले आले, टेप लावला, गेले. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे १०७ फुटांच्या वर. नऊ फुटांनी गेलं! मग नाईलाजाने मीच इडलीचं सुरू केलं. तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वासाची तक्रार केली, म्हणून धुराडं गच्चीपर्यंत न्यायचं ठरलं, त्याला सोसायटी परवानगी देईना. आता इडल्या घरून वाफवून आणतो आणि गाळ्यात फक्त विकतो.

नानांचा १६५ आहे, मेडिकलला चालेल. खाद्यपदार्थांसाठी सोसायटीचा ठराव बघून ठेवा.

उगाच_एक · मंगळवार, दुपारी ४:००

काकूंना इडली देता की नाही रोज?

ईडली_फॅक्टरी · मंगळवार, दुपारी ४:०८

देतो. चटणीबद्दल तक्रार आहे.

वडगावकरीण · मंगळवार, रात्री ९:१५

भाडेकरू खरा आहे का तेही तपासा. आमच्या मामांनी "चालू भाडेकरूसह" गाळा घेतला. करारात २८ हजार. तिसऱ्या महिन्यात भाडेकरू गायब. मागाहून कळलं, तो विकणाऱ्याचा मेहुणा होता. भाडं फुगवून दाखवायचं, त्यावर किंमत लावायची, तीन महिने खिशातून भाडं भरायचं. ८४ हजार खर्चून दहा लाख जास्त उकळले. मागच्या दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट मागा, ज्यात भाडं जमा झालेलं दिसेल.

आणि पाणी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याने काय केलं ते अरण्येश्वरला विचारा. जुलै २०२४मध्ये एकतानगरीत काय झालं ते तर सिंहगड रस्त्यावरच्यांनी पाहिलंय. रस्ता दर डांबरीकरणात वर चढतो, गाळा तिथेच राहतो. गाळ्याची जोती आणि रस्ता यांत आज किती इंच अंतर आहे?

एसआयपीभाऊ · मंगळवार, रात्री ९:४०

रीटला पूर येत नाही.

मधली_सुट्टी · मंगळवार, रात्री ९:४४

रीटमध्येही मॉलच असतात हो भाऊ.

एसआयपीभाऊ · मंगळवार, रात्री ९:५०

पण एक मालक असतो! तुमचाच मुद्दा. दोनशे नाही.

मधली_सुट्टी · मंगळवार, रात्री ९:५२

… हे मात्र खरं.

(पुढचे सतरा प्रतिसाद ऑनलाईन खरेदीमुळे दुकानदारी संपणार का यावर होते. संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

सुईदोरा · बुधवार, सकाळी १०:३०

त्या हलवलेल्या चर्चेतलं एवढंच इथे लिहिते. ब्लाउजचं माप ॲपवर घेता येत नाही. दात, केस, चष्मा, कुत्र्याचं इंजेक्शन, गरम जिलबी, इस्त्री, यांना शटर लागणारच. मोबाईल कव्हरला लागेल का ते मला माहीत नाही. नाना, तुमचा भाडेकरू दुसऱ्या गटातला आहे.

निवृत्त_नाना · पुढचा मंगळवार, रात्री १०:१०

उशीर झाला, क्षमस्व. तुम्ही सांगितलंत ते जमेल तितकं केलं.

तीन संध्याकाळी समोर चहाच्या टपरीवर बसलो. शनिवार, रविवार, सोमवार, सहा ते नऊ. रस्त्यावर गर्दी म्हणजे जत्रा. पण एजंटबरोबर गाडीतून गेलो होतो तेव्हा लक्षात आलं नाही की मधे सलग दुभाजक आहे. पलीकडची निम्मी जत्रा पलीकडेच राहते. आपल्या बाजूला दुचाकी लावली की दोन मिनिटांत मागून हॉर्न सुरू. रविवारी मोबाईलच्या दुकानात ३४ जण आत गेले, त्यातले बरेचसे कव्हर आणि स्क्रीनगार्डवाले. माणूस चांगला आहे. दुसऱ्या दिवशी तोच चहा घेऊन शेजारी येऊन बसला, म्हणाला, "काका, तुम्हीच घेताय ना?" भाडं खरंच १७ देतो, स्टेटमेंट दाखवलं. पण पुढच्या करारात १७च परवडत नाहीत म्हणाला, १४ करा नाहीतर मी निघतो.

इथपर्यंत मी तरीही घेण्याच्याच बाजूने होतो. शटरवाल्यांची खुर्ची डोक्यात बसली होती.

मग शटरवाल्यांच्याच सांगण्यावरून बँकेत अर्ज टाकला होता, त्यांचा इंजिनियर काल जागेवर गेला. आज शाखेत बोलावलं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या मंजूर नकाशाची प्रत त्यांनी टेबलावर पसरली. नकाशात रस्त्याकडेला गाळे पाच. जागेवर शटरं सात. पाचव्या गाळ्यानंतर नकाशात बारीक तुटक रेषांच्या दोन चौकटी आहेत आणि आत लिहिलंय, "वाहनतळ".

आपला सहावा.

काळा_कोट · पुढचा मंगळवार, रात्री १०:२२

तरीच कर्ज नव्हतं. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं युनिट म्हणून विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच सांगितलंय. आता एजंट म्हणेल की दंड भरून नियमित करून घेऊ. पार्किंग बंद करून केलेलं दुकान नियमित करायचं तर तेवढं पार्किंग दुसरीकडे दाखवावं लागतं. कुठून दाखवणार?

निवृत्त_नाना · पुढचा मंगळवार, रात्री १०:३०

अगदी हेच म्हणाला! "काका, दंड भरून होतं." टोकनचं विचारलं तर म्हणाला पार्टीशी बोलतो.

काळा_कोट · पुढचा मंगळवार, रात्री १०:३४

बोलण्याची वाट बघू नका. नकाशाची प्रत जोडून रजिस्टर्ड पोस्टाने मागणी करा. टोकनची पावती आहे ना?

निवृत्त_नाना · पुढचा मंगळवार, रात्री १०:३८

व्हॉट्सअ‍ॅपवर "५१ मिळाले, धन्यवाद 🙏" असं आहे. आणि पैसे बँकेतून गेलेत.

काळा_कोट · पुढचा मंगळवार, रात्री १०:३९

चालेल. हात जोडलेले आहेत म्हणजे पोच आहेच.

शटरवाला · बुधवार, सकाळी ६:४०

वाचलात नाना. पण गाळ्याचा नाद एवढ्यावर सोडू नका. ५० लाखांत पुण्यात रस्त्यावरचा गाळा शोधाल तर असाच उरलासुरला हाती येणार, त्याच पैशात साताऱ्यात चौकातला मिळेल. भाडं कमी, पण शटर नकाशातलं. आणि भाडेकरू आधी शोधा, गाळा मग. दंतवैद्य, चष्मेवाला, पॅथॉलॉजीचं कलेक्शन सेंटर, जो एकदा लाखोंचं फर्निचर करून बसतो तो लवकर उठत नाही. त्याला काय लागतं ते विचारा आणि तसा गाळा बघा. मी असतो तर सुईदोराताईंनाच विचारलं असतं.

सुईदोरा · बुधवार, सकाळी ९:०५

माझा करार पुढच्या मार्चला संपतोय आणि मालकांनी कालच चहाला बोलावलंय. नाना, वडगाव-आनंदनगरच्या बाजूला काही बघितलंत तर मला आधी दाखवा. तोंड दहा फूट तरी हवं, पायरी एकच चालेल. १६ देईन, वाढ सहा टक्के, पाच वर्षांचं लिहून.

एसआयपीभाऊ · बुधवार, सकाळी ९:३०

१६ हजारांत ४ टक्के निव्वळ सुटायचे तर सगळं धरून साडेपस्तीसच्या आत बसवा. शेवटी मलाही गाळ्याचा हिशोब करायला लावलात.

निवृत्त_नाना · बुधवार, सकाळी १०:१५

सुईदोराताई, व्यनि केलाय. शनिवारी आनंदनगरला दोन जागा बघतोय, संध्याकाळी सातला. नकाशा आधी मागितलाय. सौभाग्यवती बरोबर येणार आहेत, त्या थांबणारी माणसं मोजणार.

उगाच_एक · बुधवार, सकाळी १०:२०

सगळं झालं, पण एक राहिलं. नकाशात पाच, जागेवर सात. सहावा मोबाईलवाल्याचा. मग सातव्यात कोण आहे?

निवृत्त_नाना · बुधवार, सकाळी १०:२६

एजंटचं ऑफिस.